अंगठ्यातला मासा

४ नोव्हेंबर, ग्वांगजू

बाबा,

आमच्या चाचणीतला तिसरा रुग्ण तुम्ही आहात हे मला आज सकाळी कळलं. मला ते कळू नये म्हणून तुम्ही आणि नारे ताईने केलेली व्यवस्था चांगली होती. आम्हा यंत्र चालवणाऱ्यांना रुग्णाचं नाव सांगतच नाहीत. क्रमांक मिळतो, आणि यकृतातल्या रक्तवाहिन्यांचा नकाशा. तुमचा नकाशा सप्टेंबरच्या अखेरीपासून माझ्याकडे आहे. त्यावरून मी पारदर्शक सिलिकॉनची प्रतिकृती ओतून घेतली आणि रोज तिच्यावर हात बसवते आहे. म्हणजे तुमच्या यकृतातली वळणं मला पाठ आहेत. ती तुमची आहेत एवढंच माहीत नव्हतं.

कसं कळलं ते सांगते, नाहीतर तुम्ही ताईवर चिडाल. बैठकीत ब्योन मॅडम म्हणाल्या, "तीन नंबरच्या आजोबांचा एमआरआय नाही. बंद नळीत जीव घाबरतो म्हणतात." त्या मुख्य डॉक्टर, रुग्ण निवडणं त्यांच्याकडे आहे. माझ्याबरोबर यंत्र चालवायला दोग्यॉम नावाचा मुलगा आहे. त्याला प्रत्येक गोष्टीत बोलायचं असतं. त्याने विचारलं, आजोबा करायचे काय?

"मोकपोला जहाजं बांधायचे. टाक्यांच्या आत शिरून वेल्डिंग."

"जन्मभर टाकीत आणि आता नळीत नको?"

"टाकीत शिरायचा पगार मिळत असेल," मॅडम म्हणाल्या. "आणि त्यांची मुलगी बघितलीस का? येताना दरवेळी नर्सांना भाजलेल्या समुद्री शेवाळाची पाकिटं. वॉर्डात समुद्राचा वास सुटतो."

सगळे हसले. मी जिन्यात जाऊन ताईला फोन लावला. "बाबांच्या यकृताला काय झालंय?" एवढंच विचारलं. ती म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?" तेच उत्तर होतं.

ताईने तुम्हाला उपचाराबद्दल काय समजावलंय ते मला माहीत नाही, म्हणून नेमकं लिहिते. जेलीचे बारीक मळसूत्री तुकडे असतात. त्यांत औषध भरलेलं असतं आणि लोखंडाची अतिशय बारीक पूड मिसळलेली असते. सुटा तुकडा डोळ्याला दिसत नाही. दोग्यॉम त्यांना 'पोरं' म्हणतो. मांडीतून एक नळी यकृताच्या धमनीपर्यंत नेतात आणि पोरं तिथे सोडतात. तुमच्याभोवती मोठी वेटोळी असतील. त्यांचं चुंबकीय क्षेत्र आम्ही फिरवलं की पोरं स्क्रूसारखी गरगरत पुढे जातात. रक्ताच्या धारेविरुद्ध ती पोहू शकत नाहीत. धारेबरोबर जाताना कोणत्या फाट्याला वळायचं, एवढंच आमच्या हातात असतं.

तुमची गाठ डाव्या फाट्यावर आहे. त्या फाट्यावरचं दुसरं वळण वाईट आहे. घाई केली तर पोरं भिंतीला चिकटतात. थांबलं तर धार त्यांना भलतीकडे ओढून नेते. तिथे वेग कमी करायचा, पण थांबायचं नाही. प्रतिकृतीवर पुष्कळ पोरं वाया घालवल्यावर मला ते समजलं.

आता मुद्द्याचं. तुम्हाला बंद जागेची भीती नाही. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी गोदीत घुसलेली पोलादाची कपची आहे, आणि एमआरआयचं चुंबक ती ओढेल म्हणून तुम्ही नळीत गेला नाहीत. सीटी स्कॅनमध्ये हात डोक्यावर घ्यायला लावतात, म्हणून तुमचा अंगठा आमच्या एकाही चित्रात आलेला नाही. 'शरीरात कुठे धातू आहे का?' या प्रश्नाला तुम्ही 'नाही' म्हणालात, आणि सगळ्यांनी ते खरं धरलं.

ती कपची माझ्याइतकी कुणाला माहीत असेल असं वाटत नाही. मोडक्या स्पीकरमधलं चुंबक तुम्हीच मला काढून दिलं होतं. तुम्ही हात टेबलावर ठेवायचात, मी वरून चुंबक फिरवायची, आणि कातडीखाली टेंगूळ उठायचं. तुम्ही म्हणायचात, "हळू. मासा वर येतोय."

ब्योन मॅडमना तुम्ही स्वतः सांगा. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

हारिम


९ नोव्हेंबर

बाबा,

पत्र पोचल्याचं ताईकडून कळलं. तुमचा निरोपही मिळाला: "हातात काही नाही."

ठीक आहे. मग फक्त मी काय केलं ते लिहिते.

मी हिशेब केला. जी पोरं गाठीत अडकत नाहीत ती यकृत ओलांडून रक्ताबरोबर शरीरभर फिरतात आणि हळूहळू विरघळतात. थोडी असतात, विखुरलेली असतात, म्हणून अपाय होत नाही. पण वाटेत पोलाद असेल आणि वेटोळ्यांमुळे त्या पोलादाचंच चुंबक झालं असेल, तर जवळून जाणारी पोरं तिथे गोळा होतील. किती होतील, हा प्रश्न होता. मी कपचीचा आकार आठवून धरला, अंगठ्यातल्या रक्ताचा वेग पुस्तकातून घेतला. उत्तर लहान आलं. पुन्हा केलं, वेगळ्या पद्धतीने. पुन्हा लहान. तिसऱ्यांदाही तेच. मला हवं होतं तेच उत्तर तिन्ही वेळा आलं, म्हणून माझा त्यावर विश्वास नाही.

विश्वास नसण्याचं आणखी एक कारण आहे. गेल्या वर्षी आमच्याकडे एक छोट्या जातीची डुकरीण होती. प्राणिघरातले लोक तिला 'मावशी' म्हणायचे. तिच्यावर केलेला प्रयोग उत्तम झाला, पोरं जायची तिथे गेली. नंतर तिची मान एका बाजूने काळी पडली. कापून पाहिलं तर आत लसीच्या सुईचं मोडलेलं टोक. पिल्लू असताना फार्मवर कुणीतरी टोचताना सुई मोडली आणि तो तसाच पुढच्या पिल्लाकडे गेला. त्या टोकाभोवती आमची पोरं मधमाश्यांसारखी बसली होती. औषध गाठीसाठीचं, पण ते मानेचं मांस आणि गाठ यांत फरक करत नाही. तेवढा भाग मेला होता. त्याआधी मी सुईचाही हिशेब केला असता तर तोही लहानच आला असता.

शरीरात कुठेही लोखंड असेल तर माणूस या चाचणीत नको, हा नियम मावशीनंतर झाला. तो मीच टाईप केला होता.

तुम्ही विचाराल (नाही विचारणार, पण मी धरून चालते), की मग मी आजपर्यंत मॅडमकडे का गेले नाही. मी सांगितलं तर तुमचं नाव यादीतून जाईल. शिवाय रुग्ण माझे वडील आहेत हे कळलं की मला यंत्राला हात लावू देणार नाहीत. प्रतिकृतीवर त्या दुसऱ्या वळणावरून माझी दहातली नऊ पोरं पार होतात. दोग्यॉमची सहा. मी गप्प राहिले तर नऊ.

रोज सकाळी मॅडमच्या दारापर्यंत जाते आणि कॉफीच्या मशीनकडे वळते. आता मला कॉफीने झोप येत नाही, का दुसऱ्या कशाने, ते सांगता येणार नाही. प्रतिकृती मी ड्रॉवरमध्ये ठेवायला लागले आहे. आधी टेबलावर असायची. येणारे-जाणारे उचलून उजेडाकडे धरून बघायचे.

ताई म्हणाली, तुम्ही भात अर्धा ठेवता. ठेवू नका.

हारिम


१४ नोव्हेंबर

बाबा,

ताई काल येऊन गेली. तुम्हाला तिने काय सांगितलं असेल त्याचा अंदाज आहे. माझी बाजू मी लिहिते.

इस्पितळाच्या कँटीनमध्ये बसलो. तिने मोड आलेल्या सोयाबीनचं सूप घेतलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"जेवतेस का नाही? गालफडं बसलीत."

"बोल."

"बाबा म्हणाले, अंगठा गेला तर जाऊ दे. वेल्डिंग आता कोण करतंय? चमचा डाव्या हाताने धरीन म्हणाले."

"म्हणजे हातात आहे."

"पोलीस आहेस का ग तू?" शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. ती आवाज खाली आणून म्हणाली, "अंगठा त्यांचा. यकृत त्यांचं. मरायचं तर तेच मरणार. तुझं काय जातं?"

मी तिला सांगितलं की प्रश्न अंगठ्याचा नाही. अंगठा काळा पडला की डॉक्टर कारण शोधतील. कपचीची कुठे नोंदच नाही, म्हणून ते म्हणतील, ही पोरं यकृतातून निसटून हातात जमतात. मग पुढच्या रुग्णाला औषध कमी देतील, किंवा चाचणीच बंद करतील. चौथ्या क्रमांकावर एक बाई आहे. तिचा नकाशा माझ्याकडे आला आहे. तिच्या गाठीला कमी औषध पुरणार नाही. तिला कुणी विचारलं का, की एका माणसाने खोटं सांगितलं म्हणून तू कमी औषधावर राहशील का?

ताई म्हणाली, "तिला तू ओळखतेस?"

"नाही."

"बापाला ओळखतेस ना?"

मी सूप प्यायले. गार झालं होतं.

मग तिने मानसोकचं नाव काढलं. ती ते काढेल हे मला माहीत होतं, तरी काढेपर्यंत वाटत होतं की नाही काढणार.

त्यावर आपण कधी बोललो नाही, म्हणून एकदा लिहून टाकते. मानसोक तुमच्या टोळीतला सगळ्यात चांगला वेल्डर होता आणि तो टाकीत गुदमरून मेला. टाकीत हवा खेळवणारा पंखा चालू होता, अशी सही तुम्ही मुकादम म्हणून केलीत. त्याची बायको माझ्याकडे आली, कारण आपल्या गल्लीत इंजिनिअरिंग शिकणारी मी एकटी होते. मी टाकीचा आकार आणि पंख्याची ताकद घेऊन हिशेब केला. पंखा चालू असता तर वेल्डिंगचा वायू तेवढा साठलाच नसता. मी तसं चौकशीत सांगितलं. तुम्ही सही का केलीत हे मला तेव्हाही समजत होतं. टोळीतल्या सगळ्यांचं काम त्या एका कागदावर टांगलेलं होतं. पण पंखा बंद होता.

तुम्ही जेवणाच्या टेबलावरून उठलात आणि म्हणालात, "झालं मोजून, इंजिनिअरीणबाई? आता जा." त्यानंतर तुमचा आवाज मी ऐकलेला नाही.

ताई म्हणाली, "तेव्हा तू खरं बोललीस. तुला कुणी खोटं म्हटलं नाही. पण बाबा तीन वर्षं बाजाराच्या रस्त्याने गेले नाहीत, मागच्या गल्लीतून जायचे. हे तुझ्या हिशेबात कुठे बसतं ते सांग."

जाताना तिने शेवाळाची चार पाकिटं माझ्या पिशवीत कोंबली. भांडतानाही तिला कुणाच्या हातात काहीतरी दिल्याशिवाय चैन पडत नाही.

हारिम


१८ नोव्हेंबर

बाबा,

आज सांगितलं.

काल आमच्याकडे प्राण्यांचा स्मरणदिन होता. दरवर्षी या सुमारास असतो. प्राणिघराच्या मागे एक दगड उभा केलेला आहे. त्याच्यापुढे सफरचंदं, रताळी, गाजरं आणि वाटीभर खाद्य मांडतात, पांढरी शेवंती ठेवतात. सगळे रांगेत उभे राहतात, अगदी वर्षभर प्राणिघराकडे न फिरकलेले प्राध्यापकही. दोग्यॉम माझ्या कानाशी म्हणाला, "रताळी बघा सीनियर. मावशी असती तर दगडासकट खाल्लं असतं." मी त्याला कोपर मारलं.

आमचे प्रमुख गुक सर दगडापुढे चार ओळी वाचतात. दरवर्षी त्याच असतात, म्हणून मी कधी लक्ष देऊन ऐकल्या नव्हत्या. "तुम्हाला आम्ही विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, हे आम्हाला ठाऊक आहे. तुम्ही आम्हाला जे दाखवलंत त्यात आम्ही फेरफार केला नाही. एवढंच आम्ही तुम्हाला देऊ शकतो."

मग आम्ही दोनदा वाकलो. वाकल्यावर मला समोरचं गवत आणि सरांच्या बुटाची सुटलेली नाडी दिसत होती. मावशीच्या मानेत काय आहे हे तिला सांगता आलं नाही, आणि तरी तिने दाखवलं. तुम्हाला विचारलं होतं, बाबा.

आज दुपारी ब्योन मॅडमच्या खोलीत गेले. तीन नंबरचे रुग्ण माझे वडील आहेत आणि त्यांच्या उजव्या हातात पोलाद आहे, असं सरळ सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"तुमच्या त्या बैठकीपासून."

"आणि इतके दिवस काय करत होतीस?"

"ते स्वतः सांगतील याची वाट बघत होते."

"सांगितलं असतं त्यांनी?"

"नाही."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि तीन नंबरची फाईल पुढे ओढली. मग म्हणाल्या, "माझा बाप असता तर मी काय केलं असतं ते मला विचारू नकोस." मी विचारणार नव्हतेच.

तुमचं नाव यादीतून गेलं आहे. माझंही तुमच्या कामातून गेलं आहे. उशीर केल्याबद्दल सरांनी मला जे सुनावलं ते योग्य होतं. मॅडमनी एक वाट ठेवली आहे. कपची काढली, जखम भरली आणि तोवर गाठ ठरलेल्या आकाराबाहेर वाढली नाही, तर पाचवा क्रमांक. पण तुमचं रक्त लवकर गोठत नाही. यकृत थकलं की तसं होतं. त्यामुळे एवढीशी कपची काढणंही सोपं नाही. सर्जन तयार होतील का, हे त्या विचारून सांगणार आहेत. गाठ तर कुणाला विचारून वाढत नाही.

हे सगळं तुम्हाला त्या सांगतीलच. मी आधी लिहिते आहे, कारण माझ्याबद्दलचं तुम्ही दुसऱ्याकडून ऐकावं असं मला वाटत नाही.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "दोनदा केलंस," म्हणाली आणि ठेवला.

हारिम


६ डिसेंबर

बाबा,

किमचीचा डबा मिळाला. या वर्षी कोबीला तिखट जास्त आहे. ताईने रागात मिरची घातली असणार. मागच्या महिन्यात मी किमची घालायला आले नाही, तरी डबा आला. त्याबद्दल तिला काय म्हणायचं ते कळत नाही, म्हणून 'मिळाला' एवढंच कळवलं.

डब्याशेजारी लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेली बाटली होती, इस्पितळात तपासणीला नमुने पाठवतात तसली. आत कपची. ताईने मोज्यात चिठ्ठी घातली होती: "रात्रभर पट्टी रक्ताने भिजत होती. आता थांबलंय. बाबा म्हणाले, तिला दे. मोजून ठेव म्हणावं."

हा टोमणा आहे का, ते मी दोन दिवस ठरवू शकले नाही.

मोजली. मी हिशेबात धरली होती त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. लहानपणी पाहिलेली म्हणून मला मोठी आठवत असेल असं वाटून मी कमी धरली होती. म्हणजे माझी तिन्ही उत्तरं चुकीची होती. याचा अर्थ माझं बरोबर ठरलं असा मी घेत नाही. मोजण्यासारखी वस्तू होती आणि मी मोजली, एवढाच त्याचा अर्थ.

तुम्ही ती कधी का काढून घेतली नाहीत? गोदीतल्या डॉक्टरने तेव्हाच छेद देऊन काढली असती. सुट्टीही मिळाली असती. मी ताईला विचारलं. ती म्हणाली, "डॉक्टर मागे लागले होते. बाबा म्हणायचे, असू दे, पोरगी खेळते."

बाटली मी प्रयोगशाळेत नेत नाही. वेटोळ्यांजवळ लोखंड न्यायचं नसतं. घरी खिडकीत ठेवली आहे.

मी दोग्यॉमला तुमच्या प्रतिकृतीवर बसवलं आहे. तुमच्या कामात मला हात घालता येत नाही. शिकवता येतं, हे सरांना विचारून घेतलं. पोरगा घाई करतो. दुसऱ्या वळणावर दरवेळी त्याला वाटतं की आता जमलं, आणि तिथेच सगळी भिंतीला. मी त्याच्यामागे उभी राहून ओरडते. काल म्हणाला, "सीनियर, तुमच्या बाबांचं यकृत तुमच्यासारखंच आहे. आत शिरू देत नाही."

मी त्याला आणखी वीस वेळा करायला लावलं.

हारिम


२९ जानेवारी

बाबा,

हे पत्र तुम्ही बाहेर आल्यावर ताई देईल.

मी इस्पितळाच्या मागच्या बागेत बसले आहे. नातेवाईकांची खोली आत आहे, पण तिथे बसता आलं नाही. ताई तिथे बसली आहे आणि एव्हाना सगळ्यांना शेवाळ वाटून झालं असेल. बर्फ भुरभुरतंय. कागद ओला होऊ नये म्हणून पिशवीखाली धरून लिहिते आहे, त्यामुळे अक्षर असं आलंय.

काल शेवटचा स्कॅन झाला. गाठ वाढली आहे, पण ठरलेल्या आकाराच्या आत. केसाएवढी आत. मॅडमनी दोनदा मापलं. मी बाहेरून बघत होते आणि मला आकडा दिसला.

दोग्यॉमची आता दहातली आठ पार होतात. नऊ नाहीत. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं की नको, ते मला ठरवता आलं नाही, म्हणून आता लिहिते आहे. मी असते तर नऊ. मी गप्प राहिले असते तर मी असते. हे वाक्य मी नोव्हेंबरपासून मनात फिरवते आहे आणि ते कुठेच जाऊन अडकत नाही, नुसतं फिरत राहतं.

सकाळी तुम्हाला आत नेताना मी कॉरिडॉरच्या टोकाला होते. तुम्ही बघितलंत की नाही ते कळलं नाही. उजवा हात चादरीवर होता. अंगठ्याच्या बुडाशी पांढरा व्रण. हात मला ओळखू आला नाही, मग आला.

इथवर लिहिलं तेव्हा दोग्यॉमचा मेसेज आला. हात धुऊन आत जाण्याआधी त्याने पाठवला असावा. वेळ बघितली तर बराच आधीचा आहे. माझा फोन पिशवीत होता. तो लिहितो तसाच उतरवते:

"सीनियर, तुमच्या बाबांनी माझी परीक्षा घेतली. टेबलावर पडल्या पडल्या विचारतात, चालवणारा तूच का? म्हटलं, हो आजोबा. म्हणाले, डाव्या फाट्यावर दुसरं वळण आहे. वेग कमी कर, पण थांबू नकोस. मी म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं? तर म्हणाले, आमच्या घरात एक मोजणारी आहे. मॅडम मास्कमधून हसल्या. मी जातो आता."

ते मी तुम्हाला पहिल्या पत्रात लिहिलं होतं. दुसऱ्या कुणीही तुम्हाला ते सांगितलेलं नाही.

काम चालू असल्याचा आतला दिवा इथून खिडकीतून दिसतो, तो अजून लाल आहे. नळी यकृतापर्यंत पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढा होऊन गेला आहे. पोरं सोडली असतील. पहिलं वळण सोपं आहे, ते झालं असेल. आता दुसरं.

वेग कमी, दोग्यॉम.

थांबू नकोस.

हारिम